पस्तीस फूट पाण्याखाली

बुडालेले जहाज पाहण्यासाठी समुद्रात उतरायचे, तर सहलीचा आराखडा परतीच्या प्रवासापासून मांडावा लागतो. पाण्यात किती खोल जायचे, किती वेळ थांबायचे आणि त्यानंतर किती तासांनी घाट चढायचा, हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. या आठवड्यात बारामती आणि इंदापूरकडे मोबाइलवरून फिरलेल्या एका सहलीच्या जाहिरातीत यातल्या एकाचाही विचार नाही. रात्री गाडी निघणार, सकाळी समुद्रात ‘बुडालेले जहाज’ दाखवणार, संध्याकाळी परतीचा प्रवास, आणि खाली ठळक अक्षरांत: पोहता येत नसले तरी चालेल. हे चालणार नाही.

पोहता न येणाऱ्याला समुद्रतळ दाखवणे मुळातच चुकीचे आहे, असे नाही. मालवण-तारकर्लीत हजारो पर्यटक प्रशिक्षकाचा हात धरून काही मीटर खाली जातात, प्रवाळ आणि मासे पाहतात आणि सुखरूप वर येतात. त्या ओळखीच्या डुबकीची मर्यादा साधारणपणे १२ मीटर असते आणि उपकरणांचा सगळा ताबा प्रशिक्षकाकडे असतो. मात्र जहाजाचा सांगाडा म्हणजे प्रवाळाचा खडक नव्हे. तिथे गंजून धारदार झालेले पत्रे असतात, अडकून राहिलेली मासेमारीची जाळी असतात. पायाच्या एका फटक्याने गाळ उठतो आणि क्षणात हाताचे बोटही दिसेनासे होते. प्रशिक्षकाचा हात अशा जागी पुरत नाही.

हे समजायला इंदापूर तालुक्याला समुद्राकडे जाण्याची गरज नाही. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उजनी धरणाच्या पाण्यात उलटली. एक जण पोहत काठाला आला, सहा जण गेले. बोट सापडली ती सुमारे ३५ फूट खोल. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची प्रशिक्षित माणसे, त्यांच्या बोटी, स्थानिक मच्छीमारांची मदत, एवढे सगळे असूनही शोध एका दिवसात आटोपला नाही.

पस्तीस फूट म्हणजे साडेदहा मीटरच्या आसपास. जाहिरातीतला पर्यटक जवळजवळ त्याच खोलीवर नेला जाणार आहे. फरक इतकाच की शोधपथकातला माणूस अनेक महिने शिकून उतरला होता आणि पर्यटकाला होडीत वीस मिनिटे सांगून उतरवतात. समुद्राचे पाणी उजनीपेक्षा स्वच्छ असेल, पण दाबाचा नियम तोच राहतो. पृष्ठभागावर एक वातावरण दाब असतो आणि समुद्रात दर १० मीटरला त्यात आणखी एकाची भर पडते. १० मीटरवर घेतलेला श्वास रोखून धरून कोणी घाबरत वर आला, तर फुप्फुसातली हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकते. ‘श्वास कधीही रोखायचा नाही’ हा पाणबुड्याचा पहिला नियम त्यातूनच आला आहे. विहिरीत बुडी मारताना श्वास रोखण्याची सवय झालेल्या माणसाला तो नव्याने शिकावा लागतो. वीस मिनिटांत तो अंगवळणी पडत नाही.

हीच तुलना उलट बाजूने केली, तर आणखी एक गोष्ट समोर येते. उजनी भरली की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटरवर असते. ३०० मीटरच्या वरच्या पाण्यात डुबकी मारायची, तर पाणबुड्यांची नेहमीची कोष्टके तशीच वापरता येत नाहीत, कारण वरची हवाच विरळ असते. पळसदेवचे बुडालेले पळसनाथाचे मंदिर स्कूबाने दाखवावे, असे अधूनमधून कोणीतरी सुचवते. त्या सूचनेला हा स्तंभ पाठिंबा देऊ शकत नाही. भरलेल्या धरणात गाळ आणि पुण्याकडून वाहत आलेले सांडपाणी यांमुळे काही दिसणार नाही, शिवाय उंचीचा हिशेब वेगळा करावा लागेल. पाणी ओसरलेल्या उन्हाळ्यात तेच मंदिर होडीने आणि पायी जवळून पाहता येते. शिखराची विटांची बांधणी न्याहाळायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

उंचीचा हाच हिशेब परतीच्या रस्त्यालाही लागू होतो. खोल पाण्यात श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो, वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघण्याआधी माणूस उंचावर गेला, तर त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, वेळप्रसंगी लुळेपणा येतो. म्हणूनच एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. बारामतीकर मालवणहून विमानाने येत नाही, पण आंबोली, फोंडा किंवा करूळ, कोणत्याही घाटाने आला तरी त्याला सह्याद्री चढावाच लागतो. पुढे कोल्हापूर, सातारा आणि शेवटी घर, हे सगळेच पाचशे मीटरच्या वर. पहिल्यांदाच सहा-आठ मीटरवर दहा-पंधरा मिनिटे गेलेल्याला हा धोका फार कमी असतो. जहाजावर दोन-तीन खोल डुबक्या मारणाऱ्याने मात्र विमानाचाच नियम पाळावा. तीन दिवसांची सहल असेल, तर पाण्यात उतरणे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवावे आणि तिसरा दिवस सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी आणि बाजारासाठी ठेवावा. संध्याकाळी डुबकी आणि रात्री घाट, असे वेळापत्रक देणाऱ्याला हा विषय कळलेला नाही.

प्रशिक्षणाचा क्रम सरळ आहे. आधी पोहणे. स्कूबाच्या पहिल्या प्रमाणपत्रासाठी सहसा २०० मीटर न थांबता पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे एवढी परीक्षा असते. नीरा डाव्या कालव्याच्या काठी किंवा विहिरीत पाठीला डबा बांधून वाढलेल्या पोरांना ती जड नाही. दमा, कानाचे दुखणे, हृदयविकार, मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला लेखी घ्यावा. पहिल्या प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत जाता येते, पुढच्यावर ३० मीटरपर्यंत. जहाजाच्या आत शिरण्याचे शिक्षण त्याहून वेगळे आहे. आत जाताना दोरी सोडत जावे लागते आणि हवेचा हिशेब तिहाईने करावा लागतो: एक हिस्सा जायला, एक यायला, एक अडचणीसाठी. ते शिक्षण नसलेल्याने जहाज बाहेरूनच पाहावे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीतच आहे, तेव्हा शिकायला परदेशात जावे लागत नाही.

जागेची निवड ज्याने त्याने आपल्या प्रमाणपत्राप्रमाणे करावी. गोव्यात मुरगावजवळच्या ग्रँड आयलंडच्या परिसरात ‘सुझीज रेक’ म्हणून ओळखला जाणारा सांगाडा नवशिक्या प्रमाणपत्रधारकांना परवडण्याजोगा आहे. ‘गुलदार’ हे नौदलाचे जहाज ३० डिसेंबर १९८५ रोजी सेवेत आले आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले. ते निवतीच्या खडकांजवळ तळाशी नेऊन पाण्याखालचे संग्रहालय करायचे, ही सिंधुदुर्गसाठीची योजना योग्य दिशेची आहे. मुद्दाम बुडवायच्या जहाजातून इंधन, वंगण, सुटे तारखंड आधी काढता येतात, अडकण्याच्या जागा बंद करता येतात. अपघाताने बुडालेल्या जहाजात हे शक्य नसते.

सगळीच बुडालेली जहाजे पाहण्यासाठी नसतात, हेही लक्षात ठेवायला हवे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती कोकणातल्या कुटुंबांची स्मशानभूमी आहे. गोव्याच्या सुंची रीफवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी असा तो ऐवज होता. कुठली वस्तू कुठे पडली, यावरूनच संशोधक जहाजाची कथा जुळवतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, त्यामुळे पर्यटकाने तळावरचे काहीही उचलू नये.

महिना आणि तिथी दोन्ही बघावीत. पावसाळ्यात समुद्र बंद असतो. ऑक्टोबर ते मे हा हंगाम, त्यातही डिसेंबर-जानेवारीत पाणी बरे असते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त आणि पाणी गढूळ, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद. सुट्टी जोडून येते म्हणून पौर्णिमेचा शनिवार-रविवार धरण्यापेक्षा मालवणच्या मच्छीमाराला भांग कधी आहे, हे विचारून तारीख ठरवावी.

या हंगामात जाऊ इच्छिणाऱ्यांनी इसार देण्यापूर्वी संस्थेला विचारावे: प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र कोणते, एका प्रशिक्षकामागे माणसे किती, होडीवर प्राणवायूची नळकांडी आहे का आणि दाबकक्षाची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते. चारांपैकी एकाचेही उत्तर टाळले, तर पैसे देऊ नयेत. कळाशी-कुगावसारख्या उजनीच्या प्रत्येक फेरीत लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नये, ही या स्तंभाची जुनी विनंती याही वेळी कायम आहे.