विश्लेषण : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची नवी आवृत्ती… नियम खुले, कथा मात्र कुलूपबंद! हा खेळ मराठीत आणता येईल का?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या वेब मालिकेतील मुले तळघरात बसून जो फाशांचा खेळ खेळतात, तो म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजेच ‘डी अँड डी’. या खेळाची तीन मुख्य पुस्तके दहा वर्षांनी नव्याने लिहिली गेली. खेळाडूंसाठीचे पुस्तक सप्टेंबर २०२४ मध्ये आले, खेळ चालवणाऱ्यासाठीचे नोव्हेंबरमध्ये आणि अक्राळविक्राळ प्राण्यांचे फेब्रुवारी २०२५ मध्ये. सोबत या विश्वावर बेतलेल्या कादंबऱ्याही येत आहेत. मराठीत यातील काहीही अधिकृतपणे आलेले नाही. तरीही नियमांचा गाभा मराठीत आणायला आज कंपनीला विचारावे लागत नाही. कादंबऱ्यांसाठी मात्र विचारावे लागते. हा फरक कळला नाही, तर हौशी अनुवादकाची मेहनत वाया जाऊ शकते.

खेळ चालतो कसा?

पट आणि सोंगट्या असतील तर उत्तम, नसतील तरी चालते. एक जण ‘डंजन मास्टर’ होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. समजा, प्रसंग देवगिरी किल्ल्यातील अंधारीचा आहे. मास्टर सांगतो, ‘मशाल विझली, पुढे वाट फुटते.’ एक खेळाडू म्हणतो, ‘मी भिंत चाचपत उजवीकडे जातो.’ ते जमले की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मास्टरने १५ चे लक्ष्य दिले आणि पात्राच्या अंगच्या कौशल्याचे ३ गुण असतील, तर फाशावर १२ किंवा अधिक पडायला हवेत. म्हणजे शक्यता ४५ टक्के. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठा आकडा धरतात, मग शक्यता जवळपास ७० टक्क्यांवर जाते. सगळा खेळ या हिशेबावर आणि सांगणाऱ्याच्या जिभेवर चालतो.

फासे आपल्याला नवे नाहीत. वेरूळच्या २१ आणि २९ क्रमांकाच्या लेण्यांत सारीपाट खेळणारे शिव-पार्वती कोरलेले आहेत. नवीन आहे ते फाशांवर कथा पुढे नेणे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी १९७४ मध्ये ते रूढ केले.

नव्या आवृत्तीत काय बदलले?

खेळाडूंचे पुस्तक ३८४ पानांचे झाले असून अमेरिकेतील छापील किंमत ४९.९९ डॉलर आहे. रुपयांत ती चार हजारांच्या वर जाते. त्यात ‘वंश’ हा शब्द जाऊन ‘प्रजाती’ आला. पात्राचे जन्मजात गुण आता प्रजातीवरून नव्हे, तर ते आधी काय काम करत होते यावरून ठरतात. प्रत्येक शस्त्राला स्वतःची खुबी मिळाली. जुनी साहसे नव्या नियमांवर खेळता येतात, असे कंपनी सांगते. त्यामुळे जुनी पुस्तके असलेल्या गटाने लगेच खरेदी करण्याचे कारण नाही.

आवृत्ती बदलली की कादंबरी का बदलते?

या खेळाची खरी गंमत इथे आहे. १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा मूळ नियमांतून ‘मारेकरी’ हा पात्रप्रकार वगळला गेला. मग ‘फरगॉटन रिअल्म्स’ या काल्पनिक विश्वातील मारेकऱ्यांचे काय करायचे? त्याच वर्षी आलेल्या ‘अवतार’ कादंबरीत्रयीत एका देवाने ते सगळेच मारून टाकले! (नावातला ‘अवतार’ आपलाच.) २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर हे विश्व सुमारे शंभर वर्षे पुढे ढकलले. वाचकांच्या आवडीची कितीतरी माणसे एका फटक्यात इतिहासजमा झाली. पाचव्या आवृत्तीआधी घडी बसवण्यासाठी ‘द संडरिंग’ नावाने सहा कादंबऱ्या काढाव्या लागल्या. म्हणजे वर्षानुवर्षे कादंबरी हे नियमबदलाचे पोटातले स्पष्टीकरण होते.

आणि तो मोठा धंदाही होता. मूळ कंपनी टीएसआर १९९७ मध्ये विकली गेली, त्यामागे पुस्तक बाजारातून परत आलेल्या न खपलेल्या मालाचाही वाटा होता. तिला घेणारी विझार्ड्स ऑफ द कोस्ट १९९९ पासून हॅस्ब्रोच्या मालकीची आहे. आता ती कादंबऱ्या स्वतः न छापता बाहेरच्या प्रकाशकांना परवाना देते.

मालक कोण, लेखक कोण?

मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांनी १९८४ पासून ‘ड्रॅगनलान्स’ कादंबऱ्या लिहिल्या. तरीही नव्या त्रयीसाठी त्यांना कंपनीचा परवाना घ्यावा लागला. २०२० मध्ये कंपनीने अंग काढून घेतल्याचा आरोप करत त्यांनी एक कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा दावा ठोकला. दोनच महिन्यांत तो मागे घेतला गेला आणि २०२२ ते २०२४ दरम्यान तिन्ही पुस्तके आली. ज्यांनी ते जग लोकप्रिय केले, त्यांचीही ही गत. इतरांनी त्यातील पात्रे परवान्याविना वापरण्याचा विचारच करू नये.

मग नियम खुले कसे झाले?

नाइलाजाने, असेच म्हणावे लागेल. २००० पासून इतर प्रकाशक एका खुल्या परवान्यावर या खेळासाठी साहित्य काढत होते. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वधन आकारण्याची त्यात तरतूद होती. खेळाडू संतापले, अनेकांनी कंपनीची ऑनलाइन वर्गणी बंद केली. महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि ४०० पानांचे मूळ नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली सोडले. तो परवाना परत घेता येत नाही. नव्या आवृत्तीचा गाभाही एप्रिल २०२५ मध्ये त्याच वाटेने खुला झाला.

मराठीसाठी याचा अर्थ काय?

खुले नियम कोणीही मराठीत आणू शकतो, बदलू शकतो आणि विकूही शकतो. अट एवढीच की मूळ श्रेयाचा मजकूर छापायचा. २०२३ च्या नियमांचे फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश अनुवाद कंपनीनेच दिले. मराठीसाठी ती तसे करेल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही.

कथा मात्र आपली लागेल, आणि तिथे मराठी माणूस गरीब नाही. नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ ची. लेखकाचे १९२८ मध्ये निधन झाले. भारतात कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे ती कधीच सर्वांची झाली. परंपरेने पैठणच्या सातवाहन दरबाराशी जोडलेली गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ आणि तिच्यावर आधारलेला सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ वेताळ-विद्याधरांनी भरलेला आहे. मूळ कथा घ्या, पण आजच्या अनुवादकाची वाक्ये उचलू नका, ती त्याच्या मालकीची असतात.

घाई आहे ती दुसऱ्या कारणासाठी. आपली पात्रे तिकडे आधीच पोहोचली आहेत, पण त्यांच्या रूपात. १९७७ पासून या खेळातला ‘राक्षस’ वाघाच्या तोंडाचा असून त्याचे तळहात उलटे असतात. उलटी पावले आपल्याकडच्या भुतांची, हा उलट्या हातांचा राक्षस कुठला? गायगॅक्स यांना तो एका अमेरिकन भयमालिकेच्या भागावरून सुचला होता.

छापताना काय सांभाळावे?

मुखपृष्ठावर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे बोधचिन्ह लावता येत नाही. ड्रिझ्टसारखी कादंबरीतील पात्रेही चालत नाहीत. ‘पाचव्या आवृत्तीशी सुसंगत’ एवढे लिहिण्याची मुभा मात्र खुद्द नियमांच्या पहिल्याच पानांवर दिलेली आहे.