साठी, नाठी आणि डोक्यातलं पाणी

मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’, कन्नडात ‘अरवत्तक्के अरळु मरळु’. या बाबतीत दोन्ही भाषांचं अगदी एकमत! त्यामुळे आजोबा पाय घासत चालू लागले, लघवी आवरेना, विसरू लागले, की दोन्हींकडची घरं वयाला दोष देऊन मोकळी होतात.

पण ही तीन लक्षणं एकत्र दिसली, त्यातही चाल आधी बिघडली, तर मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साचल्याची शंका घ्यावी. दाब मोजला तर बहुधा नेहमीइतकाच भरतो, म्हणून नाव नॉर्मल प्रेशर हायड्रोसिफॅलस. कोलंबियाच्या डॉ. सॉलोमन हकीम यांनी १९६५ मध्ये सहकाऱ्यांसह तो जगापुढे मांडला. कंबरेतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून चाल सुधारते का, ते पाहतात.

उपाय दोन. मेंदूपासून त्वचेखालून पोटापर्यंत नळी, म्हणजे शंट. किंवा दुर्बिणीतून तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र. अंगात कायमची नळी नको, त्यापेक्षा दुर्बीण बरी, असं कुणालाही वाटेल. ब्राझीलमधल्या ४२ रुग्णांच्या तुलनेत (२०१३) मात्र वर्षभरानंतर शंटचे सुमारे ७७ टक्के रुग्ण सुधारले, दुर्बिणीचे ५० टक्के. चाचणी लहान होती हे खरं. शंटही निर्धोक नाही: नळी तुंबते, जंतुसंसर्ग होतो. २०२५ च्या ९९ रुग्णांच्या चाचणीत शंटने चाल स्पष्ट सुधारली, पण मेंदूभोवती रक्तस्रावही जास्त झाला.

डॉक्टरांचा शब्द शेवटचा, असं आपण मानतो. अफझलगंजचा दवाखाना आपल्या जुन्या माणसांना ठाऊक. १९५६ पर्यंत बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद, नांदेड हैदराबादेतच होते. आजची उस्मानिया रुग्णालयाची जुनी इमारत १९०८ च्या मुसीच्या पुरानंतरची. त्याआधी, १८८८-८९ मध्ये, डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने हैदराबादेत क्लोरोफॉर्मच्या चाचण्या झाल्या. श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाला थेट धोका नाही, असा निर्वाळा मिळाला. पुढच्या संशोधनात तो टिकला नाही.

तेव्हा दुर्बिणीचं नाव निघालं तर विचारावं, पाण्याची वाट कुठे अडली आहे का? अडली असेल तर छिद्राचा उपयोग चांगला होतो. नसेल तर शंट का नको, हेही विचारावं. आणि पाणी काढण्यापूर्वी व नंतर आजोबांच्या चालण्याचं मोबाइलवर चित्रण करून ठेवावं. डॉक्टरांना ते उपयोगी पडतं.