पत्ता बदलला, वस्ती बदलली काय?

आपल्या गावाची रचनाच जातीवर झाली. कोणाचे घर कोठे असावे हे जातीने ठरविले आणि आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले. त्यामुळे घराचा प्रश्न आपल्या समाजासाठी मूलतः माणुसकीचा प्रश्न आहे. सिंगापुरात स्थिरावलेल्या बौद्ध कुटुंबांनीही त्याकडे याच दृष्टीने पाहावे.

येथील शासनाने वस्तीचा विचार डोळसपणे केला. १९६० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत आज बहुसंख्य रहिवासी राहतात. १ मार्च १९८९ पासून तेथे प्रत्येक इमारतीत व वस्तीत कोणत्या वंशाची किती घरे असावीत, याची कमाल मर्यादा आहे. 'भारतीय व इतर' या गटासाठी ती २०१० पासून इमारतीत १५ व वस्तीत १२ टक्के आहे. हा नियम निर्दोष नाही. चिनी कुटुंबांची मर्यादा भरलेल्या इमारतीत भारतीय विक्रेत्याला चिनी गिऱ्हाइकास घर विकता येत नाही आणि त्याला किमतीत झळ सोसावी लागते. तरीही, एकाच वंशाची वस्ती होऊ द्यायची नाही, हे त्यामागील तत्त्व मोलाचे आहे.

तांजोंग ऱ्हू, मेयर रोड यांसारख्या पूर्व किनाऱ्यावरील श्रीमंत भागांतील खाजगी संकुलांना मात्र ही मर्यादा लागू नाही. तेथे शेजारी कोण असावा हे पैसा ठरवितो. परकीय नागरिकास घर विकत घ्यायचे तर एप्रिल २०२३ पासून किमतीच्या ६० टक्के अतिरिक्त मुद्रांक शुल्क भरावे लागते; म्हणून नोकरीनिमित्त आलेली बहुतेक कुटुंबे भाड्याने राहतात. भाडेकरूला घरमालकाची मर्जी सांभाळावी लागते. 'भारतीय नकोत' अशा जाहिरातींची येथे जाहीर चर्चा झालेली आहे. जानेवारी २०२५ मध्ये संसदेने संमत केलेला न्याय्य वागणुकीचा कायदा नोकरीपुरता आहे. घरभाड्याला त्याचे संरक्षण नाही.

त्याहून अवघड प्रश्न भारतीयांच्या आपसांतला आहे. सरकारी नोंद आपल्याला 'भारतीय' म्हणते. जात तिला दिसत नाही. 'शाकाहारीच हवेत' ही अट आणि आडनावाची सहज वाटणारी चौकशी मात्र जातीला बरोबर शोधून काढते. चार दिवस सुखाने राहावे म्हणून मग काही जण आडनाव झाकतात.

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना घर मिळेना. पारशी नावाने नोंद करून ते धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. झाकलेल्या नावाचा निवारा तेवढाच टिकतो. लक्षण दडपल्याने रोग बरा होत नाही, हे वैद्यकाच्या कोणत्याही विद्यार्थ्यास ठाऊक असते. पुढे १९३० च्या दशकात त्याच बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत, सवर्णांच्या वस्तीत, 'राजगृह' बांधले आणि तेथे ते आपल्या नावानिशी राहिले.

आपला मार्गही तोच असावा. आपण आपली वेगळी वस्ती करू नये; दुसऱ्यांच्या वस्तीत शिरण्यासाठी ओळखही पुसू नये. ज्यांचे स्वतःचे घर आहे त्यांनी ते भाड्याने देताना वंश, जात वा आहार विचारू नये. नव्याने आलेल्या कुटुंबास घर शोधून देणे व त्याची हमी घेणे हे मंडळाने आपले काम मानावे. बुद्धाच्या संघात शिरताना कोणी कुळ विचारले नाही. आपल्या उंबरठ्यावरही ते कोणी विचारू नये.

जयभीम!