मलम कुत्र्याचं, लावलं घोड्याला

मदिना स्पिरिट हे अमेरिकेतल्या एका शर्यतीच्या घोड्याचं नाव. शर्यतीवरच्या पैजांशी आपल्या घरांचा संबंध नाही आणि नसावा. पण या मुक्या जनावराची हकीकत औषधाची आहे, म्हणून सांगतो.

१ मे २०२१ रोजी हा घोडा केंटकी डर्बी जिंकला. नंतर त्याच्या रक्तात बीटामेथासोन सापडलं, मिलिलिटरमागे फक्त २१ पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! प्रशिक्षक बॉब बॅफर्ट आधी म्हणाले, हे औषध आम्ही दिलंच नाही. दोनच दिवसांनी म्हणाले, घोड्याच्या अंगावर पुरळ होतं, पशुवैद्याच्या सांगण्यावरून ऑटोमॅक्स मलम रोज लावत होतो, शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंत. ऑटोमॅक्स हे कुत्र्यांच्या कानासाठीचं मलम. त्यात बीटामेथासोन आहे, हे त्यावरच छापलेलं असतं.

बीटामेथासोन हे सूज आणि वेदना दाबणारं स्टिरॉइड. उपचार म्हणून त्याला मनाई नाही, पण शर्यतीच्या दिवशी ते रक्तात चालत नाही. घोड्याला बोलता येत नाही, पाय दुखला की तो आखडतो, एवढीच त्याची तक्रार. ती दाबली की तो मोडक्या हाडावरही धावेल.

औषध मलमातून गेलं, सांध्यात टोचलेलं नव्हतं, असं वकिलांनी मांडलं. पंचांनी ते धरलं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये जेतेपद मॅन्डलूनला गेलं, बॅफर्टना ९० दिवसांची बंदी आणि साडेसात हजार डॉलर दंड झाला. घोडा तोवर राहिलाच नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये सरावात कोसळून तो मेला होता. शवविच्छेदनात नेमकं कारण ठरलं नाही, तेव्हा तो मृत्यू या मलमाच्या माथी मारणं बरोबर नाही.

तिथल्या नियमाप्रमाणे घोड्याच्या रक्तात जे सापडेल त्याला प्रशिक्षक जबाबदार. ठीक आहे. पण आमच्या मते पहिला प्रश्न पशुवैद्याचा असतो: शर्यत कधी आहे? तो विचारल्याशिवाय लिहिलेली चिठ्ठी अर्धीच.

हेच बीटामेथासोन आपल्या घरातल्या खाजेच्या मलमातही असतं. २०१८ पासून अशी स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा आपल्याकडे नियम आहे. गोरं दिसण्यासाठी ती चेहऱ्याला चोळणाऱ्या मुली आमच्या वर्गात दरवर्षी असतात. चिठ्ठी एकीकडेही नसते.