दूरदर्शन आणि दूरचे आम्ही

दूरदर्शनने देश एकत्र बांधला, असे आपण निबंधात नेहमी लिहितो. मीही शाळेत लिहिले आहे आणि गुणही मिळवले आहेत. परंतु मुकुटबनहून पाहिले म्हणजे हे वाक्य अर्धेच खरे वाटते.

दिल्लीत १९५९ साली दूरचित्रवाणी सुरू झाली, मुंबईत १९७२ साली. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे शिक्षण देण्याचा 'साइट' प्रयोग झाला, तेव्हा सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक संच बसले. आमच्या शेजारचे आंध्र राज्य त्यात होते, महाराष्ट्र नव्हता. पुढे १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभर दिसू लागला. वडील सांगतात, एक जण कौलांवर चढून अँटेना फिरवी आणि वरून ओरडे, "आलं का रे?" आतून उत्तर येई, "मुंग्याच हायेत!" १९८७ साली 'रामायण' लागले, तेव्हा सारी गल्ली एका खोलीत मावत असे. तो आनंद खोटा होता असे मी कसे म्हणू? 'आमची माती आमची माणसं'नेही शेतकऱ्याची आठवण ठेवली. पण भाषा दिल्लीची नाही तर मुंबईची. आमच्या पोडावरच्या कोलामांची बोली त्यात कुठे?

हे अशक्य होते म्हणावे, तर गुजरातेतील खेडा जिल्ह्याकडे पाहा. १९७५ पासून तेथे पीज गावच्या लहानशा प्रक्षेपण केंद्रावरून मजुरी, जातिभेद, सावकारी या विषयांवर गावकऱ्यांना घेऊनच कार्यक्रम केले जात. १९८४ मध्ये युनेस्कोने या प्रयोगाला पारितोषिक दिले. १९८५ मध्ये ते केंद्र बंद झाले!

प्रसार भारतीचा कायदा १९९० साली संमत झाला आणि १९९७ साली अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमात सीमाभाग, मागास व दुर्गम प्रदेश आणि आदिवासी समाज यांची सेवा हे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. कायद्यातली सीमा कदाचित देशाची असेल, आमची तेलंगणाची. तरी उरलेल्या वर्णनात आमचा झरी-जामणी तालुका चांगलाच बसतो.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे, दूरदर्शन पाहतो कोण? मान्य. पण मोबाईलवर तेच येते, ज्याला गिऱ्हाईक आहे. कोलामी बातम्यांना जाहिरातदार मिळणार नाही. म्हणून तर सरकारी पैशाने चालणारे प्रक्षेपण हवे. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले. औषधाच्या डब्यावरची सूचना बारीक अक्षरांत असते, आणि पंप पाठीवर घेणाऱ्या किती जणांना ती वाचता येते? ती त्यांच्या बोलीत, फवारणीच्या दिवसांत, रोज संध्याकाळी सांगितली गेली पाहिजे. राष्ट्रीय एकात्मतेची गाणी त्यानंतर लावा, माझी हरकत नाही.

आमच्याकडे निंदणाला येणारी कोलाम आजी परवा ओसरीवर चहा पीत होती. आत हिंदी बातम्या चालू होत्या. बराच वेळ ऐकून तिने आईला विचारले, "बाई, हा मानूस कोनावर रागावला हो?"

आईलाही सांगता आले नाही.