टेप मागे फिरवण्याचा अधिकार

घरगुती व्हिडिओने सिनेमाचे नुकसान केले, हे विधान चित्रपटविषयक गंभीर चर्चेत आजही अधूनमधून ऐकू येते. सभागृहातील सामूहिक अनुभव गेला, पडदा आक्रसला, प्रेक्षक आळसावला, असा या तक्रारीचा सूर असतो. यातील हळहळ खरी असेल. निदान मात्र आम्हांला साफ चुकीचे वाटते.

मुळात ही तक्रार प्रथम केली ती धंद्याने. १९७५ साली सोनीने बीटामॅक्स बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी युनिव्हर्सल व डिस्ने यांनी सोनीला न्यायालयात खेचले. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम टेपवर उतरवून ठेवणारा प्रेक्षक त्यांच्या लेखी चोर होता. १९८२ साली हॉलिवूड स्टुडिओंच्या संघटनेचे प्रमुख जॅक व्हॅलेंटी यांनी तर अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर व्हीसीआरची तुलना घरात एकट्या असलेल्या स्त्रियांचा गळा आवळणाऱ्या बोस्टनच्या खुन्याशी केली. जानेवारी १९८४मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. पुढे काय झाले? ते दशक संपण्यापूर्वीच अमेरिकेत घरगुती व्हिडिओचे उत्पन्न चित्रपटगृहांच्या उत्पन्नाला मागे टाकून गेले. तिकीटखिडकीवर आपटलेला १९९४चा ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ भाड्याच्या कॅसेटींनीच तारला. ज्याला खुनी म्हटले, त्यानेच घर चालवले!

पण आमचा मुद्दा पैशाचा नाही. कॅसेटने चित्रपटाला प्रथमच पुस्तकाची अवस्था दिली. विकत घेतलेली प्रत दुसऱ्याला वाचायला देता येते, या ज्या तत्त्वावर ग्रंथालये उभी आहेत, त्याच तत्त्वावर १९७७ नंतर अमेरिकेतील व्हिडिओ भाड्याने देणारी दुकाने उभी राहिली. स्टुडिओंनी तो कायदा बदलून घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला.

याहून महत्त्वाचे म्हणजे, पान उलटून मागे जावे तशी टेप मागे फिरवता आली. तोवर बहुतेक समीक्षक अंधारात खरडलेल्या टिपणांच्या आणि स्मरणाच्या भरवशावर लिहीत असत. त्यांचे म्हणणे कोण पडताळणार? आता एखादे दृश्य दहा वेळा पाहून विद्यार्थी शिक्षकाचे वाचन खोडून काढू शकत होता. ज्याला आपण संहितेचे सूक्ष्म वाचन म्हणतो, ते चित्रपटाच्या बाबतीत सर्वांना खुले झाले ते या यंत्रामुळे. रुंद पडद्यासाठी रचलेल्या चौकटी कापून टीव्हीच्या आकारात बसवल्या गेल्या, हा अपराध आम्ही नाकारत नाही. पण ती कात्री प्रेक्षकाच्या हातात नव्हती.

जुलै २०१६मध्ये फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. सप्टेंबर २०२३मध्ये नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवणे बंद केले. आता प्रत नाही, केवळ परवानगी आहे. आणि ती केव्हाही काढून घेता येते. डिस्नेने नोव्हेंबर २०२२मध्ये सुरू केलेली ‘विलो’ ही मालिका सहा महिन्यांच्या आत आपल्याच सेवेवरून उतरवली. व्हॅलेंटींना जे न्यायालयात आणि काँग्रेसमध्ये मिळाले नाही, ते धंद्याला असे आयतेच मिळाले आहे, आणि आपण सोय म्हणून त्याचे स्वागत करतो आहोत.

जी संहिता उद्या समोर असेल याची खात्री नाही, तिच्यावर निबंध कसा लिहावा, ती अभ्यासक्रमाला कशी लावावी? साहित्याच्या विभागांतील कपाटे आवरताना जुन्या डीव्हीडी रद्दीत निघत असतील, तर आमची एवढीच विनंती आहे: त्या फेकू नका. ती अडगळ नव्हे, ते ग्रंथालय आहे.