टोइंग चालकाचा भूतकाळ आणि भाकरी

मध्यरात्री हायवेवर गाडी बंद पडते आणि एकटी प्रवासी स्त्री अनोळखी टोइंग चालकाच्या शेजारी बसते. त्या चालकाची पार्श्वभूमी तपासलेली असावी, ही अपेक्षा रास्तच आहे. टेक्सासमध्ये या कामाला राज्याचा परवाना लागतो आणि त्यासाठी अर्जदाराची गुन्हेगारी नोंद पाहिली जाते.

त्या नोंदीचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने २०१२ मध्ये तीन कसोट्यांवर भर दिला: गुन्हा किती गंभीर, त्याला किती काळ लोटला आणि कामाशी त्याचा संबंध काय. कॅलिफोर्नियात २०१८ पासून बहुतेक मालकांना सशर्त नोकरी देऊ केल्याशिवाय जुना गुन्हा विचारता येत नाही. पार्श्वभूमी तपासणाऱ्या खासगी संस्थेच्या अहवालावरून कामावरून काढायचे असेल, तर संघीय कायद्यानुसार आधी त्याची प्रत चालकाला द्यावी लागते. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याचा गुन्हा माथी आला असेल, तर तो खोडून काढण्याची संधी हीच.

हिंसक गुन्हेगाराला या कामापासून दूर ठेवलेच पाहिजे. पण वीस वर्षांपूर्वीच्या किरकोळ चोरीपायी आज चोख काम करणाऱ्याची भाकरी हिरावणे अन्यायाचे आहे. परवाना अधिकाऱ्यांनी आणि मालकांनी प्रत्येक नोंद तारखेसह, तपशिलासह वाचावी आणि चालकाचे म्हणणे ऐकूनच निर्णय घ्यावा.